पीएचपी ८ वर गेलो आणि पावतीवरचे मराठी महिने अडले. तारखेची चालती फंक्शनं भाषावाले काढतात तरी कशाला?

मांजराकाठ (लातूर)

रामराम मंडळी.

एका साखर कारखान्याच्या ऊस विभागाचं सॉफ्टवेअर माझ्याकडं सांभाळायला आहे. ज्यांनी लिहिलं ते कवाच पुण्याला गेले. काट्यावरची वजनपावती, शेतकऱ्याचं ऊसबिल, तोडणी-वाहतुकीचा हिशोब, सगळं पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत, आवृत्ती ५.६. कुणी हात लावला नव्हता आणि लावायची गरजही पडली नव्हती. आता होस्टिंगवाल्यांचा मेल आलाय की जुन्या आवृत्त्या बंद होणार, ८ वर या.

टेस्ट सर्व्हरवर ८.२ टाकून बघितलं. पावती निघाली, पण तिच्या डोक्यावर इंग्रजी ओळ: "डेप्रिकेटेड: फंक्शन स्ट्रफटाइम() इज डेप्रिकेटेड", म्हणजे हे फंक्शन आता नापसंत, पुढं काढणार. पावतीवर तारीख जितक्या वेळा, तितक्या वेळा ही ओळ. काट्यावरच्या टॅबमधलं अ‍ॅप तर उघडेचना, कारण सर्व्हरकडून येणाऱ्या जेसॉनच्या (ठरलेल्या साच्यातल्या माहितीच्या) आधी हीच ओळ चिकटते आणि मग अ‍ॅपला ते जेसॉन वाटतच नाही.

स्ट्रफटाइम वापरलंय ते मराठी महिन्यांसाठी. सेटलोकेलला 'एमआर_आयएन' हे लोकेल, म्हणजे मराठी-भारत ही भाषेची सेटिंग, दिलं की '%बी'च्या जागी "डिसेंबर" आणि '%ए'च्या जागी "सोमवार" छापून येतं. साधं डेट() फंक्शन महिना इंग्रजीतच देतं. शेतकऱ्याच्या हातात जाणारी पावती मराठीतच पाहिजे, त्यावर तडजोड नाही.

गाळप ऐन भरात आहे. काटा अर्धा तास थांबला तरी ट्रॅक्टरची रांग फाट्यापर्यंत जाते आणि शिव्या मला बसतात.

दोन गोष्टी विचारायच्यात. एक, तातडीनं काय करू? दुसरी जरा मनातली: चालणारं फंक्शन मोडायची भाषावाल्यांना एवढी काय हौस असते? वर्षाचे महिने तर अजून बाराच आहेत ना?

गोदातीर (नांदेड)

भाऊ, मोडलेलं नाही अजून, नुसतं ओरडायलंय. स्ट्रफटाइम ८.१ मध्ये, म्हणजे नोव्हेंबर २०२१ ला, नापसंत यादीत गेलं. काढायचं ठरलंय ते ९.० मध्ये. ८ च्या मालिकेत ते पूर्वीसारखंच उत्तर देतं, फक्त सोबत सूचना देतं.

तातडीचा उपाय: पीएचपी डॉट आयएनआय मध्ये 'डिस्प्ले एरर्स' बंद, 'लॉग एरर्स' चालू. पावती स्वच्छ, जेसॉन स्वच्छ, आणि सूचना लॉग फाइलमध्ये जमा. चालत्या सर्व्हरवर डिस्प्ले एरर्स चालू असणं हेच मुळात चुकीचं, ज्यांनी लावलं ते पुण्यातून आता उत्तर देणार नाहीत. एरर रिपोर्टिंगमधून डेप्रिकेटेड साफ काढून टाकू नका मात्र. ती यादी पुढं लागणार आहे, कोणत्या फाइलीत कोणत्या ओळीला हात लावायचा ते तीच सांगते.

गाळप संपल्यावर सावकाश बदला.

बालाघाटी (बीड)

"गाळप संपल्यावर सावकाश बदला." बरोबर आहे गोदातीर, पण बदलायचंच का, हा त्यांचा प्रश्न तसाच राहिला.

मी आडत्यांसाठी हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर विकतो. गिऱ्हाईक काय म्हणतं माहितीय? "काल चालत होतं, आज का नाही?" त्याला मी आरएफसी (भाषेतल्या बदलाचा प्रस्ताव) वाचून दाखवू का? एकदा घेतलेलं सॉफ्टवेअर त्याच्या मते वजनकाट्यासारखं असतं, पासिंग झालं की वर्षभर बघायचं नाही. भाषा बदलली म्हणून माझे चार दिवस जातात, त्याचे पैसे कोण देणार? जावास्क्रिप्टमध्ये १९९५ चं गेटइयर (वर्ष देणारं फंक्शन) अजून चालतं. चुकीचं आहे, सगळ्यांना माहीत आहे, तरी चालतं. ह्याला म्हणतात जबाबदारी.

खामकाठची (छ. संभाजीनगर)

बालाघाटी, गेटइयरचं नाव काढलंत म्हणून सांगते, कारण ती गोष्ट तुमच्या बाजूनं जितकी आहे तितकीच विरुद्धही आहे.

सी भाषेत तारखेच्या स्ट्रक्चरमध्ये वर्ष १९०० पासून मोजतात आणि महिने ० ते ११. जावाच्या पहिल्या आवृत्तीतल्या डेट क्लासनं तेच उचललं. १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना केला, भाषा जावासारखी दिसली पाहिजे अशी वरची मागणी होती, म्हणून डेट जवळपास जशीच्या तशी जावातून आली. पुढं १९९७ मध्ये जावाच्या १.१ आवृत्तीनं त्या क्लासच्या बऱ्याच मेथड नापसंत ठरवल्या. म्हणजे जिच्याकडून उसनं घेतलं तिनं दोनच वर्षांत हात झटकले, आणि जावास्क्रिप्टच्या गळ्यात ते कायमचं पडलं. आजही डिसेंबर मागायचा तर ११ लिहावं लागतं. २००० साल उजाडलं तेव्हा "१९" च्या पुढं गेटइयरचं उत्तर चिकटवणाऱ्या पानांवर १९१०० साल दिसलं होतं.

जावास्क्रिप्टला हे काढता का येत नाही? तर पान कुणी लिहिलं, ते आता कुठं आहेत, कशाचाच पत्ता नसतो. ब्राउझर मात्र सगळ्यांचा आपोआप नवा होतो. २०१८ ला अ‍ॅरेला 'फ्लॅटन' नावाची नवी मेथड द्यायची होती. मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीनं त्याच नावाची आपली मेथड आधीच टाकलेली, ती वापरणारी साइट मोडायला लागली. शेवटी नवीन मेथडचं नाव 'फ्लॅट' केलं. काढणं सोडाच, नवं घालतानाही इतकं जपावं लागतं.

पीएचपीचं तसं नाही. सर्व्हर तुमचा, आवृत्ती तुम्ही निवडता. मांजराकाठ यांचं ५.६ आजवर चाललंच की. त्यामुळं काढायची मुभा पीएचपीला जास्त आहे, आणि तिथं प्रत्येक बदलावर मतदान होतं, दोनतृतीयांश मतं लागतात. कुणी उठला आणि काढलं असं होत नाही.

आता स्ट्रफटाइमच का? कारण ते काम पीएचपी स्वतः करतच नव्हती, खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सी लायब्ररीकडं ढकलत होती. विंडोजवर '%ई' चालत नाही, लिनक्सवर चालतं. अल्पाइन या छोट्या लिनक्सवाल्या हलक्या कंटेनरमध्ये लोकेलची बोंब. त्यात सेटलोकेल पूर्ण प्रोसेसला लागू होतं, एका थ्रेडनं (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकानं) मराठी लावलं की शेजारच्या थ्रेडचंही मराठी. म्हणजे बालाघाटी म्हणतात ते "काल चालत होतं" हे त्या सर्व्हरवर, त्या लोकेलसकट खरं होतं. दुसरीकडं हलवलं असतं तर आवृत्ती न बदलताही मोडलं असतं.

बालाघाटी (बीड)

पण ताई, मग त्यांनी आतून दुरुस्त करायचं ना. नाव स्ट्रफटाइमच ठेवायचं, आत नवीन इंजिन टाकायचं. आम्हाला कळलंही नसतं.

खामकाठची (छ. संभाजीनगर)

"कळलंही नसतं" याचीच तर भीती.

गोदातीर (नांदेड)

+१

एक उदाहरण देतो, पीएचपीचंच. मजकुरातून तारीख ओळखणाऱ्या स्ट्रटोटाइमला "०५/०६/२०२४" दिलं तर ते ६ मे समजतं, अमेरिकन पद्धतीनं. "०५-०६-२०२४" दिलं तर ५ जून. फरक फक्त तिरक्या आणि आडव्या रेघेचा. आपल्याकडं कारकून दोन्ही रेघा वाटेल तशा मारतो. "१५/०८/२०२४" टाकलं तर पंधरावा महिना नसतो म्हणून फॉल्स ('नाही') मिळतं, ते बरं, निदान कळतं तरी. १ ते १२ तारखांचं काय? त्या गुमान उलट्या होतात.

आता कुणी म्हणालं की उद्यापासून तिरकी रेघही दिवस-महिना-वर्ष समजू. भारतासाठी सोयीचं. पण जगात जितका कोड तिरक्या रेघेवर उभा आहे त्या सगळ्याची तारीख एका रात्रीत फिरेल आणि एकाही लॉगमध्ये ओळ येणार नाही. म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. त्याऐवजी 'क्रिएट फ्रॉम फॉरमॅट' दिलं, ज्यात तुम्ही स्वतः सांगता की आधी दिवस आहे का महिना.

असाच दुसरा नमुना: पीएचपीत 'डेट_आयएसओ८६०१' नावाचा स्थिरांक आहे आणि तो तारीख लिहायच्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे नाही! टाइमझोनमधला कोलन गाळतो. मॅन्युअलमध्येच लिहिलंय की जुन्या कोडसाठी तसाच ठेवलाय, खरं पाहिजे असेल तर 'डेट_अ‍ॅटम' वापरा. नाव खोटं, पण वागणं तेच ठेवलं.

दुधनाकाठ (परभणी)

मी पायथनवाला, घरूनच काम करतो. आमच्याकडची एक भन्नाट गोष्ट सांगतो.

पायथनच्या टाइम ऑब्जेक्टमध्ये मध्यरात्र ही 'फॉल्स' धरली जायची. म्हणजे "वेळ दिली असेल तर पुढं जा" अशी अट लिहिली आणि कुणी बरोबर रात्री १२ ची वेळ दिली, तर प्रोग्रामच्या मते वेळ दिलीच नाही. आणि खरी मजा पुढं आहे. टाइमझोन जोडलेला असेल तर हा हिशोब यूटीसीनं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक प्रमाणवेळेनं, व्हायचा. त्यामुळं भारतीय वेळेची फॉल्स वेळ होती पहाटे ५:३०. बाकी चोवीस तास ठीक, फक्त साडेपाचला वेळ गायब! हे चुकून झालेलं नव्हतं, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं वागणं होतं. लिहिलेलं असल्यामुळं "हा बग नाहीच" असं म्हणणारेही होते. २०१५ ला ३.५ आवृत्तीत काढून टाकलं. आता कुठलीही वेळ 'ट्रू'.

याच्या उलट यूटीसीनाऊ. ते यूटीसीची वेळ देतं पण त्यावर यूटीसीचा शिक्का मारत नाही. पुढचं फंक्शन ती स्थानिक वेळ समजतं आणि आपल्याकडं साडेपाच तासांचा फरक पडतो. हे ३.१२ मध्ये, ऑक्टोबर २०२३ ला, नापसंत यादीत टाकलं. शिक्का मारून द्या, तेच नाव ठेवा, असंही करता आलं असतं. पण शिक्क्याची आणि बिनशिक्क्याची वेळ एकमेकांतून वजा केली की पायथन एरर देतं, म्हणजे जगभरचे प्रोग्राम कोसळले असते. म्हणून जुनं तसंच ठेवून सूचना सुरू केली.

बालाघाटी (बीड)

बघा, इथंच तुमची गल्लत होते. मध्यरात्रीचं वागणं ३.५ ला बदललं ते पण गुपचूपच. कुठं सूचना होती? लॉगमध्ये ओळ आली होती का? मग ते चाललं आणि माझं "आतून दुरुस्त करा" चालत नाही?

दुधनाकाठ (परभणी)

मुद्दा पटतो. माझं उत्तर एवढंच की मध्यरात्र फॉल्स असण्यावर मुद्दाम कुणी कोड उभा केला असेल असं वाटत नाही. ज्यांचा कोड बदलला त्यांचा बहुतेक सुधारला. स्ट्रटोटाइमच्या तिरक्या रेघेवर मात्र लोकांनी जाणूनबुजून कोड लिहिलाय.

बालाघाटी (बीड)

"असेल असं वाटत नाही" म्हणजे अंदाज. एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख आहे. त्या साली लीप वर्ष नव्हतं. लोटस १-२-३ मध्ये ती चूक होती, लोटसच्या फाइली एक्सेलमध्ये तशाच उघडल्या पाहिजेत म्हणून मायक्रोसॉफ्टनं चूकही उचलली, आणि आजपर्यंत ठेवलीय. त्यावर पण कुणी मुद्दाम काही उभं केलं नव्हतं. पण तो एक दिवस काढला असता तर त्यापुढच्या प्रत्येक तारखेचा आकडा एकानं सरकला असता. त्यांनी अंदाज बांधला नाही. गप ठेवलं.

खामकाठची (छ. संभाजीनगर)

बालाघाटी आज फॉर्मात आहेत. 🙂

पण एक्सेलचं उदाहरण तुमच्या पहिल्या मागणीच्या विरुद्ध जातंय हं. "आतून दुरुस्त करा" असं एक्सेलनं केलंच नाही.

आतून दुरुस्त केल्यावर काय होतं ते जावास्क्रिप्टमध्ये झालंय. टाइमझोन न लिहिलेली तारीख कशी वाचायची? २००९ चा नियम: यूटीसी समजा. २०१५ चा नियम: स्थानिक समजा. साइट मोडायला लागल्या, म्हणून २०१६ ला मधला मार्ग: नुसती तारीख असेल तर यूटीसी, सोबत वेळ असेल तर स्थानिक. फंक्शनचं नाव एकच, आणि उत्तर ब्राउझरच्या वयावर. आज जो नियम आहे तो कुणाला आवडतो म्हणून नाही, त्यातल्या त्यात कमी मोडतोड करतो म्हणून आहे.

आणि याचं भारतीय रूप रोज बघते. नवीन मुलं १५ ऑगस्टची तारीख स्थानिक वेळेनं बनवतात, मग सर्व्हरला पाठवायला टूआयएसओस्ट्रिंग करतात, ते यूटीसीत मजकूर देतं. हातात येतं: १४ ऑगस्ट, १८:३०, यूटीसी. मग कुणीतरी पहिली दहा अक्षरं कापून डेटाबेसमध्ये टाकतं आणि स्वातंत्र्य दिन एक दिवस आधी येतो. अमेरिकेतल्या डेव्हलपरला हा प्रकार दिसत नाही, त्याची मध्यरात्र यूटीसीत त्याच तारखेला पडते. त्याचे घोटाळे वेगळ्या दिशेचे.

म्हणून डेट दुरुस्त करायचा नाद सोडून शेजारी 'टेम्पोरल' नावाचं नवं घर बांधलं. महिने १ ते १२, नुसत्या तारखेला वेगळा प्रकार, तारीख-वेळेला वेगळा, आणि एकदा बनवलेली तारीख बदलत नाही. फायरफॉक्सनं मे २०२५ च्या १३९ आवृत्तीत दिलं. जुनी डेट तिथंच आहे. जावानं २०१४ ला आठव्या आवृत्तीत नवं पॅकेज आणून हेच केलं होतं. जावाच्या जुन्या डेटच्या त्या मेथड नापसंत होऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली, काढलेल्या नाहीत.

माजी_पेशकार (परभणी)

तुमचं प्रोग्रामिंग मला अर्धंच कळतंय, पण चर्चा वाचून राहवलं नाही. माझी नोकरी तहसीलच्या अभिलेख कक्षात गेली.

निजामी दप्तरात तारखा फसली सनातल्या, म्हणजे महसुलाच्या जुन्या कालगणनेतल्या. पहिला महिना आजूर, शेवटचा आबान, आणि सन ऑक्टोबरात बदलायचा. फसलीत ५९० मिळवले की ज्या इंग्रजी साली तो सन सुरू झाला ते साल येतं, ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी तेच धरायचं आणि जानेवारीपासून पुढं ५९१. जहागिरी रद्द करणारा कायदा १३५८ फसलीचा, इंग्रजीत ऑगस्ट १९४९. पोरं सरसकट ५९० मिळवतात आणि १९४८ लिहून मोकळी होतात. पुन्हा आपलं आजचं महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं, ते निराळंच.

विलीनीकरणानंतर सन बदलला, पण जुन्या दप्तरावर कुणी खाडाखोड करून इंग्रजी तारखा घातल्या नाहीत. नकल देताना मूळ तारीख तशीच उतरवायची असा शिरस्ता. वर रूपांतर पाहिजे तर शेजारी वेगळं लिहायचं.

गोदातीर (नांदेड)

काका, हे लाख बोललात. स्कॅन केलेल्या नोंदींच्या डेटाबेसमध्ये फसलीसाठी वेगळा रकाना ठेवत नाहीत लोक, थेट इंग्रजी करून टाकतात. मूळ गेलं की ५९० चुकलं का ५९१ हे तपासायलाही काही उरत नाही.

पैठणगेट (छ. संभाजीनगर)

सगळे जुनं जपा जपा म्हणायलेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी मुलांना शिकवतो. त्यांना जे पहिलं सापडतं ते जुनंच सापडतं, कारण जुन्या उत्तरांचा ढीग मोठा. जावाचं जुनं सिंपलडेटफॉरमॅट एकाच वेळी दोन थ्रेडनी वापरलं की भलत्याच तारखा देतं, आणि मुलं अजून तेच लिहून आणतात. "काढलं नाही म्हणजे वापरायला हरकत नाही" असा अर्थ घेतात. कधीतरी दार बंद करावंच लागतं. नुसत्या सूचनेला कोण विचारतो? पायथन तर नापसंतीच्या सूचना बऱ्याच ठिकाणी आपणहून लपवतं.

गो भाषेचं मला पटतं. २०१२ ला शब्द दिला की १.० चा प्रोग्राम पुढंही चालेल. मग टायमरचं वागणं बदलायचं होतं तेव्हा २०२४ च्या १.२३ मध्ये असं केलं: गो डॉट मॉड फाइलीत जुनी आवृत्ती लिहिलेली असेल तर जुनं वागणं, १.२३ किंवा पुढची असेल तर नवं. जुन्यालाही धक्का नाही आणि नवीन मुलाच्या हातात नवीनच पडतं. पीएचपीलाही असं जमायला पाहिजे होतं.

खामकाठची (छ. संभाजीनगर)

जमेल, पण दोन्ही वागणी सांभाळायची म्हणजे दोन्हींच्या चाचण्या सांभाळायच्या. गोच्या मागं गूगल आहे.

मांजराकाठ (लातूर)

मंडळी, धन्यवाद. डिस्प्ले एरर्स बंद केल्याबरोबर टेस्टवर पावती आणि टॅब दोन्ही सुरळीत.

लॉगच्या यादीवरून बदलायला घेतलंय, थेट चालू सर्व्हरवर नाही, टेस्टवरच. मॅन्युअलनं सुचवलेलं इंटलडेटफॉरमॅटर वापरून पाहिलं. लोकेल एमआर_आयएन, महिना बरोबर मराठी आला. पण आकडेही मराठी आले! पूर्वी "15 डिसेंबर 2024" असं मिश्र यायचं, आता "१५ डिसेंबर २०२४". दिसायला झकास, शेतकरी खूष होईल. पण हीच तारखेची ओळ पुढं बँकेच्या फाइलीत जाते आणि तिथला प्रोग्राम आकडे इंग्रजी समजून तोडतो. तो माझ्या हातात नाही.

बालाघाटी भाऊ, हे बघा: मी स्वतःहून बदलतोय, डोळे उघडे ठेवून बदलतोय, तरी हे निघालं. हेच भाषेनं स्ट्रफटाइमच्या आत गुपचूप केलं असतं तर मला बँकेच्या फोनवरूनच कळलं असतं.

बालाघाटी (बीड)

हां. ही ओळ मात्र गिऱ्हाइकालाही समजेल. आतून बदलायचं माझं म्हणणं मागं घेतो. काढू नये हे कायम आहे.

गोदातीर (नांदेड)

इंटल आतून आयसीयू नावाची लायब्ररी वापरतं. मराठीसाठी तिचे ठरलेले आकडे देवनागरी आहेत, म्हणून तसं झालं. लोकेलमध्ये 'एमआर_आयएन@नंबर्स=लॅटन' असं द्या, महिना मराठी राहील आणि आकडे पूर्वीचे येतील.

आणि एक सापळा आत्ताच सांगून ठेवतो. स्ट्रफटाइममध्ये वर्षासाठी मोठा वाय होता, म्हणून हात सवयीनं इथंही मोठा वाय लिहितो. आयसीयूमध्ये मोठा वाय म्हणजे आठवड्याचं वर्ष. १ जानेवारी ज्या आठवड्यात पडते तो अख्खा आठवडा नव्या वर्षाचा. भारताच्या लोकेलला आठवडा रविवारी सुरू होतो, त्यामुळं २९ डिसेंबर २०२४ ची पावती "२९ डिसेंबर २०२५" अशी छापली जाईल. जानेवारी ते डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यापर्यंत तुम्ही कितीही तपासा, सापडणार नाही. आणि तुमच्याकडं १४ दिवसांचा हिशोब आहे ना?

मांजराकाठ (लातूर)

आहे तर. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. तो हिशोब छापील तारखेवरून होत नाही, डेटाबेसमधल्या तारखेवरून होतो, एवढं त्या पुणेकरांनी नीट केलंय. पण पावतीवर वर्ष चुकलं तर शेतकी ऑफिससमोर भांडण ठरलेलं. बारका वाय लिहितो.

दुधनाकाठ (परभणी)

फक्त महिन्याचं नावच पाहिजे असेल तर एवढं कशाला? बारा नावांचा अ‍ॅरे करा, डेट('एन') चा आकडा घ्या, नाव छापा. इंटल एक्स्टेन्शन होस्टिंगवर आहे की नाही तेही बघायला नको. भाषा कितीही बदलो, "जानेवारी" तुमच्याच फाइलीत.

पैठणगेट (छ. संभाजीनगर)

हे आमच्या मुलांनी आणलं असतं तर मी मार्क कापले असते. पण काट्यावर मीही हेच केलं असतं. फक्त अ‍ॅरे एकाच फंक्शनमध्ये ठेवा आणि पावती, बिल, बँक फाइल सगळ्यांनी त्यालाच विचारावं. बँकेच्या फाइलीला मात्र महिन्याचं नाव नकोच, वर्ष-महिना-दिवस असे नुसते आकडे द्या.

तेरणेचा (धाराशिव)

मध्येच शिरतो. आमच्या देवस्थानाच्या साइटवर सूर्योदय-सूर्यास्त दाखवायचं डेट_सनराइज पण ह्याच ८.१ च्या यादीत गेलंय. डेट_सन_इन्फो वापरा, त्यात एकदम सगळं मिळतं.

दुसरं: टाइमझोन तपासताना कुणाकुणाला क्रोममधून 'एशिया/कलकत्ता' आणि फायरफॉक्समधून 'एशिया/कोलकाता' मिळतं का? माझ्या कोडमध्ये दोन्ही जुळत नव्हते म्हणून लॉगिन नोंदी दोन देशांतल्या वाटायच्या.

खामकाठची (छ. संभाजीनगर)

मिळतं. टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये मुख्य नाव कोलकाता झालं, कलकत्ता हे जुनं नाव जोडनाव म्हणून ठेवलं, काढलं नाही. क्रोम ज्या यादीवर चालतो तिथं जुनंच नाव मुख्य राहिलंय. दोन्ही एकच समजा, अक्षरांची तुलना करू नका. आणि 'आयएसटी' असं आखूड नाव साठवू नका, इस्रायल आणि आयर्लंडही त्यावर हक्क सांगतात.

धाराशिव आणि संभाजीनगरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडं अजून निम्म्या ड्रॉपडाउनमध्ये दोन्ही नावं आहेत. 😀

बालाघाटी (बीड)

धागा संपायच्या आत माझाही प्रश्न. एका पतसंस्थेचं काम आलंय. घरतारण कर्ज १५ वर्षांचं, शेवटचा हप्ता २०३९ ला. हप्त्याची तारीख टाकताना मायएसक्यूएल डेटाबेस एरर देतो. आधीच्यानं रकाना टाइमस्टॅम्प केलाय.

गोदातीर (नांदेड)

टाइमस्टॅम्पची हद्द १९ जानेवारी २०३८, आपल्या घड्याळानं सकाळी ८:४४:०७. बत्तीस बिटांचा सेकंदांचा आकडा तिथं भरतो. हप्त्याला वेळ लागतच नाही, रकाना 'डेट' प्रकाराचा करा, प्रश्न मिटला.

बालाघाटी (बीड)

जुन्या नोंदी आहेत त्यात. नुसतं ऑल्टर (रकान्याचा प्रकार बदलायची आज्ञा) मारलं तर?

गोदातीर (नांदेड)

आधी सेशनचा (डेटाबेसशी चालू जोडणीचा) टाइमझोन '+०५:३०' लावा, मगच ऑल्टर. टाइमस्टॅम्प आत यूटीसीत साठतो आणि बदलताना सेशनच्या टाइमझोनप्रमाणं बाहेर येतो. सर्व्हर यूटीसीवर असेल आणि हप्ते आपल्या वेळेनं रात्री १२ चे टाकलेले असतील, तर सगळे एक दिवस मागं जातील आणि ५ तारखेचा हप्ता ४ ला थकीत दिसेल. टेबलाची प्रत करून तिच्यावर आधी चालवा, पाच-दहा खाती हातानं जुळवा.

बालाघाटी (बीड)

सर्व्हर यूटीसीवरच आहे. आत्ता बघितलं. प्रत काढायला घेतो.